नाव यादीत आहे का?

तुमचं वय बावीस आहे असं धरा. बऱ्याच जणांचं असेलही, माझं आहेच. घरातून पहिल्यांदाच इतक्या लांब निघालात. सहा महिन्यांपूर्वी वडील गेलेत. मागे बायको आणि सात-आठ महिन्यांचं बाळ आहे. बडोद्याच्या महाराजांनी तीन वर्षांची स्कॉलरशिप दिलीय आणि बदल्यात पुढे त्यांच्या संस्थानात नोकरी करायचा करार लिहून घेतलाय. बोटीतून उतरलात ते थेट न्यूयॉर्कला. साल १९१३, महिना जुलै.

भीमराव रामजी आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले तेव्हा ते असे होते. आपल्याला माहीत असलेले बाबासाहेब निळ्या कोटातले, चष्म्याचे, हातात पुस्तक घेतलेले. चौकातले, फोटोतले. हा बावीस वर्षांचा मुलगा आपल्या फारसा ओळखीचा नसतो. मला त्याच्याबद्दलच लिहायचंय, आणि त्याचं कारण जरा घरगुती आहे.

मी केमची. करमाळा तालुक्यातलं, मुंबई-सोलापूर रेल्वेलाइनवर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधलं गाव. तुमच्या घरातल्या कुंकवाच्या डबीवर कधी बारीक अक्षरं वाचली असतील तर गावाचं नाव दिसलं असेल, कारण आमच्याकडे कुंकवाचे कारखाने आहेत. शिकायला मी पुण्यात असते. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आमच्या रूमवर फोन सुरू होतात. कधी येतेस, गाडी पाठवू का, सोबत अजून कोण कोण आहे? दोन्ही पॅनलचे फोन. आणि पुण्यात महापालिकेचं मतदान होतं त्या दिवशी आम्ही पाचजणी रूमवर लोळत पडलेल्या असतो, कारण पुण्याच्या यादीत आमचं नावच नाही. आमच्या गल्लीत आठवड्यातून तीन दिवस पाणी येत नाही. एकदा तक्रार घेऊन गेलो तर तिथल्या माणसानं पहिला प्रश्न विचारला तो मतदान कुठे आहे याचा. केम म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या चेहऱ्यामुळे मी वाचायला लागले आणि वाचता वाचता न्यूयॉर्कला पोचले.

भीमराव तिथे आले त्या काळात ते शहर बाहेरून आलेल्या माणसांनी फुगत होतं. आयर्लंड, इटली, रशिया, पोलंड, कुठून कुठून लोक बोटी भरभरून उतरत होते. त्यांना काम, खोली, थंडीत कोळसा मिळवून द्यायला टॅमनी हॉल नावाची एक राजकीय यंत्रणा टपलेली असायची. कोळसा द्यायचा, नागरिकत्वाचे कागद करून द्यायचे आणि मत घ्यायचं. आपल्याकडच्या वॉर्डातल्या भाऊंची आठवण आली ना? मलाही आली. भीमराव पोचल्यावर चारच महिन्यांनी तिथे महापौराची निवडणूक झाली आणि टॅमनीचा उमेदवार पडला. बाहेरून आलेला माणूस यादीत आला की शहराला त्याच्याकडे बघावंच लागतं, हे तिथे उघड्यावर चाललं होतं. त्यातला भ्रष्टाचारही उघड्यावरच होता.

पण सगळेच बाहेरचे सारखे नव्हते. गोऱ्या माणसाला नागरिक होता यायचं, आफ्रिकी वंशाच्या माणसाला कायद्यानं होता यायचं, आशियातून आलेल्याचं मात्र काही खरं नव्हतं. भगतसिंग थिंद नावाचे पंजाबी गृहस्थ अमेरिकी सैन्यात राहिलेले. तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना तुम्ही गोरे नाही असं सांगून नागरिकत्व नाकारलं. म्हणजे कोलंबियातला हा हुशार भारतीय विद्यार्थी तिथेच राहिला असता तर त्याला महापौर निवडायलासुद्धा मत मिळणं कठीण होतं.

विद्यापीठ एका टेकडीवर आहे. खाली उतरलं की हार्लेम. दक्षिणेकडच्या राज्यांतून काळी कुटुंबं तिथे येऊन राहायला लागली होती. ती का येत होती? गुलामगिरी संपून पन्नास वर्षं झाली होती. १८७० च्या घटनादुरुस्तीनं वंशावरून मत नाकारायला बंदी केली होती. कागदावर सगळं ठीक. मग दक्षिणेतल्या राज्यांनी डोकं चालवलं. मत द्यायचं तर आधी कर भरा. आधी घटनेचा उतारा वाचून अर्थ सांगा. आणि ज्याचा आजोबा गुलामगिरी संपायच्या आधी मतदार होता, त्याला वाचायची परीक्षा माफ! गोऱ्यांचे आजोबा मतदार, काळ्यांचे आजोबा गुलाम. कायद्यात वंशाचा शब्दसुद्धा न काढता अख्खा समाज यादीबाहेर. ही आजोबांची अट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९१५ च्या जूनमध्ये रद्द केली, म्हणजे भीमराव कोलंबियात एम.ए. झाले त्याच महिन्यात. कर आणि परीक्षा तशाच राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पुरुषांनी बायकांना मत द्यायचं का यावर मतदान केलं आणि नाही म्हणून मोकळे झाले.

दिवसभर लायब्ररीत बसणाऱ्या मुलाच्या कानावर हे गेलं नसेल असं मला वाटत नाही. पुढे १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी यादवी युद्धानंतर अमेरिकेतल्या काळ्यांचे हक्क कसे काढून घेतले गेले हे मांडलं आणि त्यावरून आपल्या लोकांना सावध केलं. १९४६ मध्ये तर त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विचारवंतांना पत्र पाठवलं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेला होता, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, १९१७ मध्ये स्कॉलरशिप संपल्यामुळे परत यावं लागलं. बडोद्यात कराराप्रमाणे नोकरी धरली तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले, तिथून लाठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. कोलंबियाची पदवी असलेला माणूस त्या दिवशी बागेत झाडाखाली बसून रडला. ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असते, म्हणून पुढे जाते.

पुढची गोष्ट मात्र कमी ऐकलेली आहे. १९१९ च्या २७ जानेवारीला, सत्तावीस वर्षांचे आंबेडकर साऊथबरो कमिटीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले. मत कोणाला द्यायचं हे ठरवायला इंग्रजांनी नेमलेली ही कमिटी. तेव्हाचा हिशेब असा, की महसूल भरणारा, ठरावीक भाडं देणारा, आयकर भरणारा तोच मतदार. साहजिकच अस्पृश्य समाजातलं जवळजवळ कुणीच त्यात बसत नव्हतं. आधी शिका, मग मत मागा, असं शहाण्यासुरत्यांचं म्हणणं. आंबेडकरांनी ते उलटं केलं. मत देता देता माणूस शिकतो, राजकारणात भाग घेणं हेच शिक्षण आहे, तेव्हा अट खाली आणा आणि आमच्या लोकांना आमचे प्रतिनिधी द्या, असा त्यांचा मुद्दा होता. कमिटीनं फारसं ऐकलं नाही. नव्या कायद्यानं मतदार झाले ते शंभरातले तीनेक जण.

याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर महाडला चला.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो. २० मार्च १९२७, बाबासाहेब ओंजळीनं पाणी पितात, चित्र डोळ्यासमोर असतं. पण त्या चित्राच्या मागे एक नगरपालिका उभी आहे, तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. क्रम बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला, की सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनं त्याप्रमाणे आपलं तळं खुलं केलं. सुरबानाना टिपणीस तेव्हा अध्यक्ष होते, माणूस सुधारकी विचारांचा. ठराव झाला, मिनिटबुकात लिहिला गेला. आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचं पाणी भरता आलं नाही.

म्हणून तर मोर्चा काढावा लागला. नगरपालिकेनं आधीच दिलेली गोष्ट प्रत्यक्षात घ्यायला हजारो माणसं चालत गेली. त्यांनी पाणी प्यायलं, नंतर मार खाल्ला. गावातल्या सनातन्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या तारखेला, महाड नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

मी हे वाचताना इथे थांबले. एका बैठकीत दिलं, एका बैठकीत काढून घेतलं. ज्यांचं पाणी होतं त्यांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही, कारण पुढच्या निवडणुकीत ज्यांच्या दारात जायचं होतं त्यांत ते नव्हते. ठराव करणारा चांगला होता म्हणून तो टिकेल असं काही नसतं. डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला गेले, २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचं प्रकरण मात्र कोर्टात अडकलं आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. दहा वर्षं!

यानंतरचे बाबासाहेब बघा, कुठेही गेले तरी ही मताची गोष्ट सोडत नाहीत. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला आणि पुरुषाला मत मागितलं. गोलमेज परिषदा, मताधिकार समिती, १९३२ चा पुणे करार, या सगळ्याची पुस्तकं भरलेली आहेत, तिकडे वळत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते त्याच १९३२ च्या ऑक्टोबरमधलं मुंबई कायदेमंडळातलं भाषण. विषय होता ग्रामपंचायतींचं विधेयक. सगळ्यांना मत दिलं की झालं ना, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी गावात अस्पृश्य किती थोडे असतात आणि कामासाठी, धान्यासाठी कुणावर अवलंबून असतात ते सांगितलं. मालकाच्या डोळ्यादेखत दिलेलं मत किती मोकळं असणार? म्हणून पंचायतीत राखीव जागा हव्यात, नाहीतर हे विधेयक आमच्या कामाचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. गावाबद्दल गोड बोलायचं त्यांनी आयुष्यभर टाळलं. आम्हा गावाकडच्यांना ते टोचतं, पण आपापल्या गावातल्या नळाची लाइन शेवटी कुठल्या वस्तीपर्यंत पोचली ते आठवून बघा.

आता थोडं विमानात बसू, कारण महाड फक्त महाडमध्ये नसतं. अमेरिकेत फर्ग्युसन नावाचं गाव आहे, २०१० मध्ये एकवीस हजार वस्तीचं, सेंट लुइस शहराला लागून. १९९० मध्ये तिथे चारातला एक माणूस काळा होता. शेजारच्या शहरातून कुटुंबं येत गेली आणि २०१० पर्यंत तिघांतले दोन काळे झाले. इथे कायदा कुणाला अडवत नव्हता, १९६५ च्या मताधिकार कायद्यानं ते अडथळे काढले होते. तरीही महापौर गोरा आणि सहा नगरसेवकांपैकी पाच गोरे. कारण गावची निवडणूक एप्रिलमध्ये, राष्ट्राध्यक्षाची नोव्हेंबरमध्ये. ओबामांना मत द्यायला लोक रांगा लावायचे, एप्रिलमध्ये कुणी फिरकायचं नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये मतदान झालं साधारण बारा टक्के. बरेच लोक भाड्यानं राहणारे, आज इथे उद्या तिथे, गावचा नगरसेवक कोण हेही माहीत नसलेले. आणि गावाच्या खर्चाचा एक मोठा भाग कशावर चालायचा? पोलिसांनी फाडलेल्या दंडाच्या पावत्यांवर, आणि त्या बहुतेक काळ्यांच्याच नावानं. केंद्राच्या न्याय खात्यानं २०१५ मध्ये हे अहवालात लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ च्या ऑगस्टमध्ये, मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीनं मेला होता आणि गाव पेटलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये मतदान तीस टक्क्यांच्या आसपास गेलं आणि सहापैकी तीन नगरसेवक काळे झाले. जीव गेल्यावर तीस टक्के.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. ग्रामपंचायतीला गावं ओस पडत नाहीत, गाड्या भरून लोक येतात. बसतं ते शहर. २०१९ च्या लोकसभेला पुण्यात निम्म्या मतदारांनीही मत दिलं नाही. पण मला शंका आहे, की त्या न आलेल्यांत आळशी किती आणि गावच्या यादीतले, तिकडून न निघालेले किंवा दोन्हीकडून सुटलेले किती. ऊसतोडीला गेलेलं जोडपं फडावर असताना गावात मतदान असेल तर त्यांनी काय करायचं? निवडणूक आयोगानं २०२३ च्या जानेवारीत दूर असलेल्या मतदारासाठीचं मशिन दाखवायला पक्षांना बोलावलं होतं, पक्षांनी शंका काढल्या आणि ते राहिलं.

तर बाबासाहेब. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या फेब्रुवारीत निवडणूक लढवली. मतदार अजून मोजकेच, पण आधीपेक्षा बरेच जास्त. सतरा उमेदवार उभे केले, त्यातले बहुतेक आले, आपल्या सोलापूरकडचे जिवाप्पा ऐदाळेही. पुढे संविधान सभेवर जाताना मुंबईतून वाट मिळेना, तेव्हा १९४६ मध्ये बंगालमधून निवडून गेले. फाळणीत ती जागा गेली, मग मुंबईतून पुन्हा. संविधानात एक साधं कलम आलं, ३२६. प्रौढ नागरिक, एवढीच अट. जमीन नको, पदवी नको, आजोबा नकोत. तेव्हा देशात शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाकडून वाचायची परीक्षा घेणं चालूच होतं आणि ते थांबायला अजून पंधरा वर्षं जायची होती.

मग याद्या करायला माणसं घरोघर फिरली. सतरा कोटींवर मतदार. त्यात एक गंमत झाली, जी गंमत नाही. लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही म्हटलं आणि अठ्ठावीस लाखांच्या आसपास नावं यादीतून गळाली. मी आजीला विचारलं, तुझ्या सासूनं पहिलं मत कधी दिलं गं? तिला माहीत नव्हतं. सासूचं नाव काय होतं, तर तेही सांगायला तिनं वेळ घेतला. कारखान्यात हळकुंडं निवडायला जायची तेव्हा तिला सगळे बाळूची आयच म्हणायचे म्हणे. ज्या गावातून अर्ध्या महाराष्ट्राच्या कपाळाला कुंकू जातं, तिथल्या बाईचं नाव यादीत कसं लागलं असेल, लागलं असेल का, हे मला आता कुठून कळणार?

आणि १९५२ मध्ये, ज्यांनी सगळ्यांना मत मिळावं म्हणून तेहतीस वर्षं घातली, ते बाबासाहेब त्या पहिल्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून पडले. नारायण काजरोळकरांनी त्यांना साडेचौदा हजार मतांनी हरवलं. मतदारसंघ दोन जागांचा, प्रत्येकाला दोन मतं, त्यात बरीच मतं बाद झाली, त्यावर बाबासाहेबांनी अर्जही केला, पण निकाल बदलला नाही. ते राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये, त्रेसष्ठाव्या वर्षी, मधुमेहानं पाय दुखत असताना भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. तिथेही पडले. दोन वर्षांनी ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत गेले.

ग्रामपंचायतीत राखीव जागा, ज्यासाठी ते १९३२ मध्ये भांडले होते, त्या संविधानात यायला १९९३ उजाडलं. तुमच्या-माझ्या गावात आज जी राखीव सीट निघते आणि जिच्यावरून चावडीवर कुजबूज होते, ती तिथून आलीय.

माझं काय झालं ते सांगते. शिकायला बाहेर असलेल्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता ठेवायचा की राहतो तिथला द्यायचा हे निवडता येतं. नाव हलवायला फॉर्म ८ भरायचा, मोबाईलवर होतो, आणि अजून नावच नसेल तर फॉर्म ६. दोन्हीकडे नाव ठेवणं मात्र गुन्हा आहे. मी फॉर्म ८ उघडलाय. पुण्याचा पत्ता टाकला, तर केमच्या यादीतून जाईन, घरून फोन यायचे थांबतील आणि आजीच्या बूथवर तिच्या मागे रांगेत उभं राहता येणार नाही. नाही टाकला, तर पाण्याच्या तक्रारीला तो माणूस पुन्हा तसाच बघेल. रूममधल्या दोघींनी भरला, एक नाही म्हणाली, एकीचं नाव कुठेच सापडलं नाही. माझा ड्राफ्टमध्ये आहे.